अच्छाडपलीकडची गाडी

तलासरीत हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर अर्धा तास बसा आणि नंबरप्लेटी वाचा. जीजे 15, डीडी 03, जुनी डीएन 09, मधूनच एखादी एमएच 48. यातल्या बऱ्याच गाड्या पाहुण्यांच्या नाहीत. त्या इथल्याच पाड्यांवर मुक्कामाला असतात. अच्छाडला महाराष्ट्र संपतो आणि पुढे गाडी स्वस्त होते, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. जुनी गाडी पाहायला निघालेल्याला कोणी इंजिनाचं विचारत नाही. पहिला प्रश्न एकच : पासिंग कुठलं?

बाहेरून आलेल्या जुन्या गाडीची ओढ जगभर आहे. जपानात गाडी नवी असताना तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी कडक, खर्चिक तपासणी करावी लागते. म्हणून तिथले लोक चांगली चालती गाडी विकून टाकतात, आणि ती मॉरिशसला, न्यूझीलंडला जाऊन पुढची कैक वर्षं धावते. आपल्याकडे तो दरवाजा जवळजवळ बंदच ठेवलेला. तीन वर्षांहून जुनी गाडी आणता येत नाही, उतरवायची ती फक्त मुंबई बंदरात, आणि वर आयात शुल्काचा डोंगर. तेव्हा डहाणू-तलासरीला बाहेरची गाडी येते ती वापी, दमण आणि सिल्वासाहून.

या ओढीला मी नावं ठेवणार नाही. उधव्याच्या आतल्या पाड्यावरून रात्री अकरा वाजता बाळंतीण दवाखान्यात न्यायची असेल तर एसटीची वाट बघून चालत नाही. सरीगाम, उंबरगावच्या कंपनीत पाळीला जाणाऱ्यांना चौघांत मिळून एक गाडी परवडते. इथे गाडी ही चैन नाही, आणि नवी घ्यायची ऐपत नाही.

आता हिशेब. नऊ लाखांच्या नव्या पेट्रोल गाडीवर गुजरातचा 6 टक्के कर 54 हजार होतो. महाराष्ट्राचा 11 टक्क्यांनी 99 हजार. पहिल्या मालकाने कर कमी भरला, म्हणून जुनी झाल्यावर ती गाडी कमी भावात निघते. पण तीच गाडी महाराष्ट्रात आपल्या नावावर करायला गेलात की वयाच्या हिशेबाने इथला कर भरावाच लागतो. तो फरक, एजंटचे पैसे, हेलपाटे धरले की स्वस्ताई बरीचशी विरून जाते. ती टिकते फक्त एका अटीवर : गाडी आपल्या नावावर करायचीच नाही. विकणारा हे सांगत नाही, आणि घेणारा विचारत नाही.

माझ्या मावसभावाने विचारलं नाही. पांढरी, एकहाती वापरलेली गाडी, एसी थंडगार, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात खाकी पाकीट मिळालं : एक स्टॅम्प पेपर आणि सह्या केलेले 29 आणि 30 नंबरचे कोरे फॉर्म. "पाहिजे तेव्हा नाव चढवा," असं सांगून गाडी दिली. आरसीवर पलीकडच्या एका गृहस्थाचं नाव, विमाही त्याच्याच नावे. दोन वर्षं सुखाची गेली. मग एका पावसाळी संध्याकाळी हायवेवर मोटारसायकल आडवी आली, त्या मुलाचा पाय मोडला, आपल्या गाडीचं तोंड फुटलं. नोटीस गेली ती आरसीवरच्या माणसाकडे, ज्याला गाडी कुठे आहे हेही माहीत नव्हतं. स्वतःच्या नुकसानीचा क्लेम कंपनीने नाकारला, कारण पॉलिसीत भावाचं नावच नाही. नाव चढवायला गेला तेव्हा कळलं की बँकेचा बोजा अजून उतरलेला नाही, म्हणजे पलीकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, एनओसी, तीही नाही. विकणाऱ्याने फोन उचलायचं बंद केलं. मावशीच्या गळ्यातली पोत त्या महिन्यात मोडली. ते मी पाहिलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

कायदा यात संदिग्ध नाही. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर गाडी इथे 12 महिन्यांपर्यंत ठेवता येते, पुढे इथला नंबर घ्यावाच लागतो. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 47. आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगून टाकलं की भरपाईच्या बाबतीत ज्याचं नाव नोंदणीत, तोच मालक. गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. म्हणजे नाव न चढवता विकणारासुद्धा मोकळा होत नाही. दोघेही अडकतात.

गाडीचं अंगही नीट पाहा. ऑगस्ट 2024 मध्ये वडोदरा पाण्याखाली गेलं, हजारो गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी पुसून-पॉलिश करून बाजारात येतेच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गुंडाळून राहणाऱ्या भागात गाळाची पिवळट रेघ दिसली तर तिथूनच परत फिरा. कार्पेट उचलून वास घ्या. सीटखालच्या पट्ट्यांवर हात फिरवा. दमणची गाडी असेल तर खाली वाकून तळ बघाच, खारं वारं पत्रा खातं.

सरकारलाही सांगायचं आहे. जिल्हा पालघर, पण एमएच 48 चं ऑफिस वसई-विरारकडे. तलासरीच्या मजुराने नाव चढवायला एक-दोन दिवसांची मजुरी बुडवून तिथवर जायचं आणि एका झेरॉक्ससाठी परत यायचं? मग तो कागद कप्प्यातच राहतो. तलासरी आणि डहाणूत ठरलेल्या दिवशी फक्त परराज्यातल्या गाड्यांच्या नोंदणीचं शिबिर भरवा. कर बुडतो म्हणून ओरडण्याआधी तो भरायची जागा माणसाच्या जवळ आणा.

आणि तुम्ही, या रविवारी टोकन द्यायला वापीला निघाला असाल, तर आधी एवढं करा. आरसीवर बोजा आहे का ते बघा. असेल तर बँकेचं पत्र मागा. चासी नंबर गाडीवर आणि कागदावर स्वतः जुळवा. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, तेही बघायला मागा. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करायला घाला. आणि एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. समोरचा म्हणाला, "एनओसी आठवड्यात येईल," तर पैसेही आठवड्याने देतो, असं सांगून घरी या.