मी नाव घेत नाही हं!

"अगं, कालपासून तुझ्या घरातून नुसत्या शिट्ट्या, बँड आणि आरडाओरडा. लग्न काढलंस की काय गुपचूप?" कारल्याचा वेल बाजूला सारून काकूंनी कुंपणावरून डोकं वर काढलं.

"लग्न कसलं, काकू! चिरंजीवांनी कॉलेज फुटबॉलचा गेम आणलाय. जेवायलासुद्धा दहा हाका माराव्या लागतात."

"फुटबॉल म्हणजे तो इथला? चेंडू काखोटीला मारून पळायचा?"

"तोच. ज्याच्यापायी शनिवारी पिस्कॅटवेचा रस्ता तुंबतो आणि काकांची चिडचिड होते, तोच. आणि गंमत ऐका, या गेमच्या कंपनीला आपल्या शेजारच्या रटगर्स विद्यापीठाच्याच एका पोराने कोर्टात खेचलं होतं."

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये कुंपणं बुटकी आणि कान लांब. काकूंनी हातातली टोपली खाली ठेवली. "थांब, नीट पहिल्यापासून सांग. कोण पोरगा?"

"रायन हार्ट. 2002 ते 2005 रटगर्सकडून खेळला. क्वार्टरबॅक होता, म्हणजे संघाचा सगळा खेळ ज्याच्या हातून सुरू होतो तो. तेव्हा ई.ए. स्पोर्ट्स दर वर्षी 'एनसीएए फुटबॉल' असा गेम काढायची. एनसीएए म्हणजे कॉलेजांच्या खेळांची बडी संघटना. तिचा दंडक असा, की मुलाने शिष्यवृत्ती घ्यावी, घाम गाळावा, पण स्वतःच्या नावावर किंवा चेहऱ्यावर छदाम कमवायचा नाही. का, तर तो हौशी खेळाडू."

"संघटना पण हौशीच असेल मग?"

"छे! ती परवाना विकायची, कॉलेजं परवाना विकायची, कंपनी गेम विकायची. हौस फक्त मुलांच्या वाट्याला."

"मग गेममध्ये मुलांची नावं कशी घालत होते?"

"घालतच नव्हते! तिथेच तर मेख आहे. पडद्यावर रटगर्सच्या संघात 13 नंबरचा क्वार्टरबॅक. उंची 6 फूट 2 इंच, वजन 197 पौंड, डाव्या मनगटाला पट्टा, हेल्मेटला काच. उंची हार्टची, वजन हार्टचं, पट्टाही हार्टचाच. पाठीवर नाव मात्र नाही."

काकू खुदकन हसल्या. "अगं, हे आपलं भिशीतल्यासारखं झालं की! 'मी नाव घेत नाही हं, पण ते कोपऱ्यावरचं निळ्या दाराचं घर, दोन मुली, नवरा औषधकंपनीत…' नाव सोडून आधार कार्डाचा नंबर तेवढा सांगायचा राहतो."

"अगदी! आणि ज्याला नाव हवंच असेल त्याचीही सोय. चाहते मंडळी खऱ्या नावांच्या याद्या तयार करायची, त्या गेममध्ये उतरवून घेता यायच्या. घेतली यादी की पाठीवर नावं हजर."

"आणि कंपनी म्हणायला मोकळी, आम्ही कुठे काय लिहिलं!"

"ही युक्ती कंपनीला नवी नव्हती. पुण्याला माझा भाचा यांचाच 'क्रिकेट 07' खेळायचा. परवाना नाही म्हणून आपल्या संघातल्यांची नावं मोडूनतोडून घातलेली. पण पहिला फलंदाज मैदानात उतरला की शेंबडं पोरसुद्धा ओळखायचं कोण आहे ते."

"आणि एवढ्या गेममध्ये एवढी पोरं. प्रत्येकाचं माप घ्यायला कुणी बसत होतं की काय?"

"बसतच होतं. कॉलेजांच्या सामान सांभाळणाऱ्या लोकांना प्रश्नावल्या पाठवायचे, कोण कुठला पट्टा बांधतो, कसलं हेल्मेट घालतो, असल्या. दुसरा किस्सा सांगते, मग पटेल. सॅम केलर. आधी ॲरिझोना स्टेटला क्वार्टरबॅक, नंतर गेला नेब्रास्काला. 2008 च्या आवृत्तीत नेब्रास्काच्या संघात स्वारी तयार. सगळं जुळत होतं, फक्त जर्सीचा नंबर चुकलेला. का माहितीये? हंगामाच्या तोंडावर त्याने नंबर बदलला होता. म्हणून तो जुळला नसावा, असं न्यायाधीशांनी निकालपत्रातच लिहून ठेवलंय."

"नक्कल करताना शेजारच्याची चूकपण उतरवली म्हणायची!" काकू एकदम खूश. तीस वर्षं शिक्षिका होत्या त्या, असलं काही ऐकलं की त्यांचा चेहरा उजळतो. "मग कोर्टात काय तोंड दाखवलं?"

"म्हणे, आमचा गेम ही कलाकृती. पुस्तकात, सिनेमात खरी माणसं येतात, तशी यात आली. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य. आणि 2011 साली न्यू जर्सीतल्या न्यायाधीशांनी ते मान्यही केलं. हार्ट हरला."

"अगंबाई."

"मग वरच्या कोर्टात, फिलाडेल्फियाला, मे 2013 मध्ये पारडं फिरलं. दोन न्यायाधीश हार्टच्या बाजूने, एक कंपनीच्या. दोन महिन्यांनी कॅलिफोर्नियात केलरचाही निकाल तसाच, तिथेही दोघं इकडे, एक तिकडे. प्रश्न त्यांनी फार सोपा केला. त्या माणसापासून तुम्ही काही नवं घडवलंत, की त्याला उचलून जसाच्या तसा ठेवलात? फुटबॉल खेळणारा पोरगा, त्याच्याच कॉलेजच्या मैदानावर, त्याच्याच गणवेशात, फुटबॉलच खेळतोय. नवं काय त्यात? कंपनी म्हणाली, गिऱ्हाइकाला त्याचे केस बदलता येतात, चेहरा बदलता येतो. कोर्ट म्हणालं, नुसती सोय असून भागत नाही. लोक गेम घेतात ते तो मुलगा तोच आहे म्हणून."

"बरोबरच आहे."

"बरोबर आहे, पण विरुद्ध मत देणारे न्यायाधीशही काही अगदीच चुकीचं बोलत नव्हते हं, काकू. उद्या कुणी खऱ्या माणसावर कादंबरी लिहिली, सिनेमा काढला, तर हाच नियम लावायचा का? गेमला एक माप आणि सिनेमाला दुसरं, हे मला तरी थोडं खटकतं. आणि केलरच्या निकालाच्याच दिवशी त्याच कॅलिफोर्नियाच्या कोर्टात जुना फुटबॉलपटू जिम ब्राउन हरला. तो तर केवढा मोठा माणूस! पण त्याने दुसऱ्या कायद्याखाली, ग्राहकांची दिशाभूल होते म्हणून दावा लावला होता. कंपनी तीच, पण कलम चुकलं की संपलं."

"वकील चांगला हवा," काकूंनी निकाल दिला. "पण मला सांग, एवढा मोठा भडका पेटवला कुणी?"

"ती तर खरी गोष्ट! एड ओ'बॅनन. बास्केटबॉलवाला. 1995 साली यूसीएलए या कॉलेजला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलं, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे व्यावसायिक खेळात काही फार जमलं नाही. लास वेगासच्या बाजूला गाड्या विकायला लागला. एकदा मित्राकडे गेला, तर मित्राचा मुलगा गेम खेळतोय आणि पडद्यावर हा स्वतः! 95 चा संघ, 31 नंबर, टक्कल, डावखुरा. आधी भारी वाटलं त्याला. मग मित्राने डिवचलं, बाबा रे, या गेमचे पैसे आम्ही मोजले, तुला काय मिळालं?"

"मित्र असावेत तर असे."

"आणि मग सॉनी व्हॅकारो भेटला. बुटांच्या कंपन्यांचे कॉलेजांशी करार जमवण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस. आतलं सगळं माहीत असलेला. जुलै 2009 मध्ये ओ'बॅननने थेट एनसीएएवरच दावा ठोकला. पुढे बिल रसेल, ऑस्कर रॉबर्टसन असले बास्केटबॉलचे दिग्गजही त्यात सामील झाले."

"मला मेलं एक कळत नाही. चोरी कंपनीची, दावा संघटनेवर?"

"कारण कंपनी पैसे द्यायला तयार होती! तिच्याच माणसाने कोर्टात साक्ष दिली, की परवानगी असती तर आम्ही खेळाडूंचे हक्क विकत घेतले असते. देऊ नका म्हणणारी संघटना. सगळ्या कॉलेजांनी मिळून ठरवायचं की मुलांना या बाबतीत शून्य द्यायचं, याला बाजारात काय म्हणतात?"

"साटंलोटं."

"ऑगस्ट 2014 मध्ये ओकलंडच्या न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी जवळजवळ तेच म्हटलं. मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग. वर्षाला 5,000 डॉलरपर्यंत मुलांच्या नावे बाजूला ठेवायची मुभाही दिली होती, पण ती वरच्या कोर्टाने 2015 मध्ये काढून टाकली. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये प्रकरण ऐकायलाच नकार दिला."

"म्हणजे जिंकला आणि हातात काही नाही?"

"त्या खटल्यात नाही. गेमवरच्या खटल्यांच्या तडजोडीतून मात्र मिळालं. कंपनी आणि परवाने जमवणारी संस्था मिळून 4 कोटी डॉलर, एनसीएएचे 2 कोटी. हजारो खेळाडूंत वाटल्यावर सरासरी साधारण 1,600 डॉलर पदरात पडले. आणि हे ऐका, जी मुलं तेव्हा अजून कॉलेजात खेळत होती, त्यांनी हे पैसे घेतले तर नियमभंग धरणार नाही, असं एनसीएएनेच जाहीर केलं. इतकी वर्षं ज्या पैशाने मुलं बाटत होती, तोच पैसा यांच्या तिजोरीतून निघाल्यावर सोवळा!"

काकूंनी कपाळाला हात लावला.

"पण या सगळ्यात गेमच बंद पडला. जुलै 2013 मध्ये 'एनसीएए फुटबॉल 14' आला, त्यानंतर एकही नाही. मग जुन्या डबड्यांचे भाव बघा! वापरलेली प्रत नव्या गेमपेक्षा महाग. आमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या एकाने त्या एका गेमपायी जुनं यंत्र माळ्यावर न टाकता दिवाणखान्यात ठेवलं होतं, बायको रोज बोलायची."

"आणि आता परत आला तो कसा?"

"2019 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, मुलांना स्वतःच्या नावावर कमवू द्या म्हणून. जून 2021 मध्ये ऑल्स्टन खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एनसीएएला फटकारलं. तो खटला शिक्षणाशी जोडलेल्या लाभांचा होता, पण रोख कळला. दहा दिवसांत, 1 जुलैला, संघटनेने स्वतःच बंधन सैल केलं. जुलै 2024 मध्ये 'कॉलेज फुटबॉल 25' आला. 134 कॉलेजं, 11,000 च्या वर खरे खेळाडू, खऱ्या नावांनिशी. सही करणाऱ्या प्रत्येकाला 600 डॉलर आणि गेमची एक प्रत."

"सहाशे? एकदाच?"

"एकदाच."

"स्टारलाही 600 आणि बाकावर बसून पाणी देणाऱ्यालाही 600?"

"मुखपृष्ठावरच्यांचे करार वेगळे. बाकी बहुतेकांना तेवढेच. टेक्सासच्या क्वार्टरबॅक आर्च मॅनिंगने आधी सही केली नव्हती, मग गेम बाजारात आल्यावर केली."

"आणि सही नाही केली तर?"

"तर त्याच्या जागी कुणी काल्पनिक खेळाडू."

काकू विचारात पडल्या. "सहाशे म्हणजे थट्टाच गं. गेमच 70 डॉलरचा होता."

"थट्टाच आहे. पण आता मोठा पैसा दुसरीकडून येतोय. त्याच विल्किनबाईंनी जून 2025 मध्ये आणखी एका तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं. जुन्या खेळाडूंना 280 कोटी डॉलर भरपाई, आणि कॉलेजांना पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाखांपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना द्यायची मुभा."

"आमचा धाकटा नातू शाळेच्या संघात आहे. शाळेच्या पोरांना चालतं का गं हे?"

"न्यू जर्सीत 2022 पासून चालतं. फक्त शाळेचं नाव, शाळेचा गणवेश त्यात वापरायचा नाही."

"मग आजच फोन करते त्याला," टोपली उचलत काकू म्हणाल्या. "म्हणावं, राजा, कुणी कागद पुढे केला तर आधी आईला दाखव. आणि सहाशेत मुळीच सही करू नकोस."