शुभेच्छुक महाशयांस अनावृत पत्र

पुणे, माघ शुद्ध अष्टमी, शके 1945

आमच्या प्रभागाचे भावी नगरसेवक, कार्यसम्राट, युवकांचे हृदयस्थान इत्यादी बिरुदांनी मंडित श्रीयुत शुभेच्छुक यांस,

सा. न. वि. वि.

काल रथसप्तमी झाली. संक्रांतीपासून चाललेली हळदीकुंकवे आटोपली, तिळगुळाचे डबे घासूनपुसून फडताळात गेले, आणि परस्परांशी गोड बोलण्याची मुदत रीतसर संपल्यामुळे आमच्या इमारतीतील मंडळी पूर्ववत बोलू लागली. अशा या सुमुहूर्तावर, चौकातील बसथांब्यास आपण दिवाळीत बांधलेला दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छांचा विशाल फलक अद्याप जागचा तसूभरही हललेला नाही, ही गोष्ट आपल्या नजरेस आणावी, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

आपल्याकडे सणाचा आरंभ जितका नेमका, तितकाच त्याचा शेवटही नेमका ठरवून दिलेला आहे. गुढी सकाळी उभी राहते ती सूर्यास्तापूर्वी उतरते. घट बसतात ते दसऱ्याला उठतात. आपट्याचे सोने कोजागरीनंतर कोणी हातावर ठेवलेच, तर देणाऱ्यापेक्षा घेणाराच अधिक ओशाळतो. आणि गणपतीसारख्या लाडक्या पाहुण्यालाही, तो दीड दिवसाचा असो वा दहा दिवसांचा, उत्तरपूजा करून आपण स्वतः पाण्यापर्यंत पोचवून येतो. दिवाळीचे म्हणाल, तर तुळशीचे लग्न लागले की आकाशकंदील उतरवावा, तळाशी राहिलेला चिवडा चहाबरोबर संपवावा, आणि तोवर न भेटलेला कोणी स्नेही पुढे वाटेत भेटलाच, तर ‘यंदा राहूनच गेलं बघा’ एवढे म्हणून दोघांनीही मोकळे व्हावे, असा सर्वसंमत रिवाज आहे. जी मुदत देवादिकांनीही बिनतक्रार पाळली, ती आपणांस माफ असल्याचे फर्मान कोणत्या दफ्तरातून सुटले, याचा मी शोध करीत आहे.

फलकाची सद्यःस्थिती आपण बहुधा पाहिली नसेल, कारण तो बांधून झाल्यावर त्याच्यासमोर छायाचित्र काढून घेण्यापुरतेच आपण तेथे आला होता. तीन महिन्यांच्या उन्हात त्यातील तांबडा आणि पिवळा रंग आधी उडाला व निळा तेवढा तगून राहिला, त्यामुळे आपली मूळची गव्हाळ मुद्रा आता नुकतेच हलाहल प्राशन केलेल्या शंकरासारखी दिसते. पणतीची ज्योतही निळी झाली आहे. डाव्या अंगाची सुतळी तुटल्याने वारा सुटला की रात्रभर फडफड चालते. त्याच्या खाली संक्रांतीचा फलक, त्याच्या बगलेत प्रजासत्ताक दिनाचा, आणि वरच्या बाजूस आपल्या साहेबांच्या वाढदिवसाचा, असे एकाच गृहस्थाचे चार अवतार एकाच थांब्यावर हात जोडून उभे आहेत. दीपावलीतला ‘दी’ आपण ऱ्हस्व केला, याबद्दल आज मी काही म्हणत नाही. पहाटे साडेपाचला भ्रमणध्वनीवर येणारी आपली गुलाबाची फुलेही मी दैवगती म्हणून स्वीकारली आहेत.

परंतु परवा सकाळी एक बाई तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन थांब्यावर आल्या आणि ससूनला कोणती गाडी जाते, असे त्यांनी मला विचारले. मी त्या बाजूला क्वचित जातो. म्हणून पाटी वाचावी या हेतूने मान वर केली, तो गाड्यांच्या क्रमांकांची पाटी आपल्या जोडलेल्या हातांच्या बरोबर मागे. बांबूला आवळलेल्या तारेतून कापडाची कड जेमतेम चार बोटे उचलता आली आणि मी आत डोकावत असतानाच एक गाडी आली, थांबली व निघून गेली. तीच ती होती, असे मागाहून आलेल्या एका विद्यार्थ्याने सांगितले. बाई काही बोलल्या नाहीत. मूल दुसऱ्या कडेवर घेऊन त्या रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस करू लागल्या.

ही शुभेच्छा म्हणायची? कोणाला आणि कसली? लोकांनी गाडीसाठी जेथे उभे राहायचे तेथे स्वतःचे थोबाड टांगायचे, आणि वर लिहायचे की ही दिवाळी आपणांस सुखसमृद्धीची जावो! तो थांबा काय तुमच्या बापाचा आहे?

प्रश्न मालकीहक्काचा आहे आणि त्याचा खुलासा सरकारदरबारी पूर्वीच झालेला आहे. सार्वजनिक ठिकाणे विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा कायदा या राज्यात 1995 पासून आहे, व त्यात कसूरदारास तीन महिन्यांपर्यंत कैद वा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तजवीज आहे. पुढे सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2017 रोजी बेकायदा फलकांविषयी महापालिकांना सविस्तर हुकूम दिले. त्याच्या पुढच्याच महिन्यात आपल्या शहरात महापालिकेचे मतदान झाले, आणि शके 1945 च्या या माघापर्यंत तरी ते शेवटचे. त्या सभागृहाची मुदत 2022 च्या मार्चात संपली, प्रशासकांचा अंमल सुरू झाला, आणि आपण जे भावी झालात ते आजतागायत भावीच आहात.

येथे मात्र माझा संताप, नको म्हणत असताही, ओसरू लागतो. निवडणूक केव्हा, हे ठाऊक नाही. प्रभाग तिघांचा की चौघांचा, त्याच्या हद्दी कोठे पडणार, हे ठाऊक नाही. आणि उमेदवारी ज्यांच्या हातून मिळायची ते कोणत्या पक्षात असतील, तेही ठाऊक नाही. दिवाळीच्या फलकावर वरच्या रांगेत जे नेते हसत आहेत, त्यांतील दोघे संक्रांतीच्या फलकावरून नाहीसे झालेले मी पाहिले, आणि त्या जागी कोणाला बसवावे या विवंचनेत आपण घालवलेली रात्रही मला दिसली. फलकाचे पैसे चौरस फुटाने मोजावे लागतात. छापणाऱ्याचा तगादा असेल, घरातही या खर्चाचा विषय निघत असेल. ज्याला मत देण्याची कोणाला सोयच उरलेली नाही, त्याने शुभेच्छा देण्यावाचून दुसरे करावे तरी काय? फलक उतरला की लोक आपल्याला विसरले, असेच आपणांस वाटत असणार.

तरीही तो उतरवा. होळीचा नवा फलक लावण्यास आपली मुले शिडी घेऊन येतीलच. तेव्हा वर चढलेल्याने जुने चारही सोडून खाली टाकावेत आणि नवा पाटीपासून हातभर दूर बांधावा, इतकीच दरखास्त आहे. रंगपंचमी सरली की त्यानेही निघावे. उतरलेले कापड मात्र कचऱ्यात देऊ नका. चौकात भाजी विकणाऱ्या मावशींनी ते पावसाळ्यासाठी माझ्याकडे आधीच मागून ठेवले आहे. चेहऱ्याची बाजू वर आभाळाकडे राहील, गिऱ्हाइकाला दिसणार नाही, एवढी अट त्यांनी घातली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
त्याच थांब्यावरील एक मतदार