पन्नास मेगापिक्सेलचं छप्पर

मराठी माणसाला वर्षारंभ एकच असता तर त्याची फार कुचंबणा झाली असती. एक जानेवारीचा संकल्प संक्रांतीच्या आत आटोपला तर गुढीपाडवा आहे. पाडव्याचा आंब्याच्या मोसमात विरघळला तर दिवाळीचा पाडवा आहे. आणि अगदीच अडलं तर एक एप्रिलचं आर्थिक वर्ष आहे. संकल्प सोडायला खरं म्हणजे तीच तारीख सर्वांत शोभते.

यंदाच्या माझ्या यादीत तीन कलमं होती. वजन आठ किलो उतरवायचं, रोज दहा हजार पावलं चालायचं आणि गावच्या घराचं छप्पर शाकारून घ्यायचं. बायकोने यादी वाचली आणि खाली बारीक अक्षरात चौथं कलम घातलं: ठाण्याच्या बाथरूमची गळती. ही गळती आमच्या फरशीतून निघते आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या देवघरात उतरते, त्यामुळे त्यांचे आमचे संबंध थेट धार्मिक पातळीवर बिघडलेले आहेत. "इथलं गळतंय ते सोडून तीनशे किलोमीटरवरचं छप्पर आधी का?" असं तिने विचारलं. बाथरूम दुरुस्त करायला प्रवास करावा लागत नाही, हे खरं उत्तर होतं. मी ते दिलं नाही.

त्यात मुलाने नवा फोन घेऊन दिला. मागे पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा. पहिला फोटो काढल्यावर तो साडेबारा मेगापिक्सेलचाच निघाला, म्हणून मी बिल शोधायला लागलो. मुलाने समजावलं, की फोन चार ठिपक्यांचा मिळून एक ठिपका करतो, त्यामुळे कमी उजेडातही फोटो स्वच्छ येतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही. शिवाय फोनमध्ये होकायंत्र होतं, पाणसळ होती आणि पावलं मोजायची सोय होती. एवढी हत्यारं खिशात असताना मेस्त्री आपल्याला काय गुंडाळणार, असं मनात आलं.

दहा हजार हा आकडा कुठून आला, तेही फोनवरच वाचलं. आदल्या वर्षीचं टोकियो ऑलिंपिक लोकांच्या अंगात अजून भिनलेलं असताना, १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल होता आणि तोंडात बसत होता. डॉक्टरमंडळींचं संशोधन त्याच्या मागून आलं. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या एका जाहिरातीपायी मी रोज रात्री जेवून दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होतो आणि खालचे आजोबा छताकडे बघत होते.

मांडवी एक्सप्रेसचं तिकीट काढलं. या गाडीने वजन उतरवण्याच्या मोहिमेवर जाऊ नये. खाण्यापिण्यासाठी तिची ख्याती आहे आणि ख्याती टिकवण्याची जबाबदारी डब्यातले विक्रेते मनावर घेतात. पनवेल जायच्या आत बटाटेवडा आला, त्याच्यामागून कटलेट, त्याच्यामागून टोमॅटोचं सूप. सूप हा पथ्याचा पदार्थ आहे, असं म्हणून मी तो घेतला. मग सूप नुसतं कसं प्यायचं, म्हणून कटलेट.

रोह्याला कोकण रेल्वे सुरू होते. मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये सलग खुला झाला आणि त्याच्यावर नव्वदच्या वर बोगदे आहेत. अभियांत्रिकीचा हा पराक्रम मला पूर्वी नुसताच अभिमानास्पद वाटे. या वेळी मी गाडीतून मेस्त्रींना फोन लावला होता.

"मेस्त्री, सगळं मिळून अंदाजे किती खर्च येईल?"

"त्याचं कसं हाय भाऊ, वासं चांगलं असलं तर सगलं मिलून..."

खेडच्या अलीकडचा नातूवाडीचा बोगदा आला. चार किलोमीटरहून लांब आहे. बाहेर पडल्यावर मी पुन्हा फोन लावला.

"हां, तर तेवढं तर जानारच," मेस्त्री म्हणाले.

"पण तेवढं म्हणजे किती?"

"आता सांगितला ना मी."

चिपळूण गेलं. सावर्ड्याच्या बोगद्यात रिपांचा हिशेब गेला. संगमेश्वरनंतर आढ्याचा विषय निघाला आणि तो भरात आला असताना करबुड्याचा बोगदा लागला. हा साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. त्या काळोखात मी एकटाच 'हॅलो, हॅलो' करत राहिलो आणि समोरच्या बाकावरच्या काकूंनी मला सहानुभूतीने एक चिक्की दिली. उजेडात आल्यावर फोन लागला तेव्हा मेस्त्री समारोप करत होते. "मंग असा सगला. चालंल ना?"

"चालेल," मी म्हणालो.

"काय चालेल?" बायकोने विचारलं. ते मला अजून कळलेलं नाही.

रत्नागिरीहून जयगडच्या वाटेवर आमचं गाव. लाल डबा मिळाला, मागच्या चाकावरची जागा मिळाली आणि तिथे आरोग्याचा खरा मार्ग सापडला. फोन गुडघ्यावर होता. प्रत्येक गचक्याला फोनमधलं यंत्र पाऊल पडलं असं समजत होतं. उतरेपर्यंत मी जवळजवळ बसूनच चार हजार पावलं चाललो होतो. उरलेली कसर दुसऱ्या दिवशी काकूने भरून काढली. तिने मला नारळ खवायला बसवलं. फोन सदऱ्याच्या खिशात होता. दोन नारळांत बाराशे पावलं झाली. काका म्हणाले, "या हिशेबाने तुझी काकू आत्तापर्यंत काशीला जाऊन आली असेल."

आमचं घर चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं. या कौलांचा इतिहास मला फार आवडतो. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट नावाच्या जर्मन गृहस्थाने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि किनाऱ्यावरच्या मातीची कौलं गलबतांतून सगळीकडे गेली. त्याआधी कुंभाराने चाकावर घडवलेली नळीची कौलं असायची. मंगळुरी कौल चपटं आणि खाचेत खाच अडकणारं. वाऱ्यापावसात ते जागचं हलत नाही. जर्मन माणसाने सगळा विचार केला होता. फक्त वानरांचा केला नव्हता.

आमच्या आढ्यावर वानरांचा एक कळप सकाळ-संध्याकाळ येतो. फणसावरून छपरावर, छपरावरून आंब्यावर, असा त्यांचा मार्ग आहे आणि त्यावर एकही बोगदा नाही. वाडीतल्या बऱ्याच जणांनी कंटाळून कौलं काढली आणि पत्रे घातले. काका ऐकत नाहीत. पत्र्याखाली मे महिन्यात माणूस भाजून निघतो आणि पावसात बोललेलं ऐकू येत नाही, असं ते म्हणतात. काकूच्या मते दुसरा मुद्दा पत्र्याच्या बाजूचा आहे.

मेस्त्री यायचे होते तोवर मी कामाला लागलो. माजघरात काळोख असतो, तर दक्षिणेच्या उतारावर एक काचेचं कौल बसवावं, अशी माझी कल्पना. होकायंत्र उघडलं. फोनने सांगितलं, की आधी मला हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा. मी अंगणात उभा राहून, घराकडे तोंड करून, फोन आठाच्या आकारात ओवाळायला लागलो. काकू पडवीतून बघत होती. ती आत गेली आणि मीठ-मिरच्या घेऊन आली. "काढतोच आहेस दृष्ट तर नीट काढ," ती म्हणाली. "गेल्या वर्षी केवढी आजारपणं झाली घरात."

मीठ-मिरच्या चुलीत गेल्यावर घरभर ठसका उठला, तेवढ्यात मेस्त्री आले. मी त्यांना ओटीच्या कठड्यावर फोन ठेवून दाखवला. पाणसळीप्रमाणे कठडा चांगलाच कललेला होता. "बघा मेस्त्री. भिंत खचतेय."

मेस्त्रींनी फोन उचलला, उलटा करून बघितला आणि कडेवर उभा करून परत कठड्यावर ठेवला. कठडा तत्काळ सरळ झाला. "मागं क्यामेऱ्याचा उंचवटा हाय ना, तो टेकतो खाली," ते म्हणाले. "आडवा नाय ठेवायचा ह्यो. माज्याकडं याच्या म्होरचा हाय." खिशातून त्यांनी तो काढलासुद्धा. त्याच्यावर मस्कतला असलेल्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला, म्हणून आमची छपराची बोलणी मस्कतच्या उपस्थितीत झाली. खर्चाचा पूर्ण तपशील मेस्त्रींनी मला बोलून पाठवला होता. माझ्या नव्या फोनवर तो कुठे उघडायचा, ते मस्कतहून मला सांगण्यात आलं.

पण काम? मेस्त्रींनी डोक्याला हात लावला. "जानेवारीत कोन घर उघडतो भाऊ? आता नवी कौलं घातली तर पावसाला अजून पाच म्हयने. तवर वानरं हायतच. परत फोडतील, परत घाला." एक कौल फुटलं की रीप भिजते, रिपेतून पाणी वाशावर जातं आणि वासा कुजला की खर्च कौलाचा राहत नाही, हे त्यांनी समजावलं, म्हणून शाकारणी पावसाच्या तोंडावर. त्याआधी शिमगा, शिमग्यात पालख्या, तेव्हा वाडीत माणूस मिळणार नाही. मग आंबा. "पाडवा झाला का बगू." संकल्प आपोआप पुढच्या नववर्षाच्या खात्यावर जमा झाला. मी यादीत तशी नोंद केली आणि मला फार मोकळं वाटलं.

येऊन काहीच झालं नाही असं मात्र नाही. शिडी न लावता फुटकी कौलं मोजायची, हे काम फोनने चोख केलं. मागच्या परड्यात उभं राहून, झूम करून मी छपराचा ओळीन् ओळ फोटो काढला आणि मेस्त्री बोटाने मोठा करून मोजत गेले. वानरंही फोटोत आली. त्यांनी हरकत घेतली नाही.

रात्री फोनने ते सगळे फोटो तपासले आणि त्यातल्या चेहऱ्यांची नावं लावायला घेतली. काका ओळखले, काकू ओळखली. मग पडद्यावर दोन चेहरे शेजारीशेजारी आले: एक आढ्यावरच्या म्होरक्याचा आणि एक माझा, कठड्यावर वाकून पाणसळ बघतानाचा. खाली प्रश्न होता, 'ही एकच व्यक्ती आहे का?' मी चष्मा शोधेपर्यंत बायकोने 'होय' दाबलं.

तेव्हापासून माझ्या नावाखाली ते सगळे फोटो येतात. फणसावरून झेप घेतानाचे आहेत, शेपूट पागोळीखाली सोडून बसलेले आहेत. नातेवाइकांच्या गटावर मुलाने त्यातले चार पाठवले. आठ किलो सहज उतरलेले दिसतात, असं आत्याने लिहिलं आहे.