एक ते पाच

आमचे सर कुठल्याही दारातून सरळ आत जात नाहीत. आधी दारासमोर थबकतात, मुठीकडे बघतात, एक पाऊल मागं सरतात आणि सोबतच्या माणसाला विचारतात, "हे दार तुम्हाला काय सांगतंय?" बँकेत मागं रांग तुंबते. पासबुक भरायला आलेले काका म्हणतात, "ढकला ना सर, दार काय सांगणार हाये!" सर ढकलतात. दार ओढायचं असतं. सरांचा चेहरा उजळतो. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन प्राध्यापकानं १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिलं आणि दार उघडताना माणूस गोंधळला तर दोष माणसाचा नाही, दाराचा, असं ठणकावून सांगितलं. बुलढाणा जिल्ह्यात हा निकाल अजून लागू झालेला नाही. इथं दार उघडलं नाही तर माणूसच ओशाळतो. अंमलबजावणी सरांनी एकट्यानं अंगावर घेतली आहे.

सर इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतात आणि पीएच.डी. करतात. कधीपासून, ते विचारायचं नाही. शेतकऱ्याला कापसाचा भाव आणि सरांना थिसिसची तारीख विचारू नये, एवढी रीत आमच्या गल्लीत सगळे पाळतात. विषय मानव-संगणक आंतरक्रिया आणि आभासी वास्तव. घरी त्याला 'टोपीचा अभ्यास' म्हणतात, कारण डोक्याला लावायचं ते यंत्र सर टोपीच्या जुन्या खोक्यातून नेतात. २०१७ साली मुंबईच्या आयआयटीत 'इंटरॅक्ट' ही या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथं गळ्यात घातलेलं ओळखपत्र त्यांच्या गाडीच्या आरशाला आजही लटकलेलं आहे. मागची वाहनं त्यामुळं नीट दिसत नाहीत, पण हा दोष सरांच्या नजरेला कधी आलेला नाही.

घरातली प्रत्येक वस्तू त्यांची तपासून झाली आहे. परदेशातल्या शेगडीला चार चुली चौकोनात आणि बटणं मात्र एका ओळीत, त्यामुळं कुठल्या बटणानं कुठली चूल पेटते ते कळत नाही, हे नॉर्मनचं गाजलेलं उदाहरण. आपल्या शेगडीला प्रत्येक चुलीचं बटण तिच्याच पुढ्यात. हे सर पाहुण्यांना ओट्याजवळ उभं करून समजावत होते. "डावं बटण, डावी चूल. विचार करावाच लागत नाही!" वहिनी आतल्या खोलीतून म्हणाल्या, "मग त्याच डाव्या चुलीवरचं दूध बघा जरा." दूध तोवर ओट्यावरून खाली निघालं होतं.

त्यांना नुसती टीकाच जमते असं मात्र नाही. कौतुकही मनापासून करतात. आयआयटीतल्या अनिरुद्ध जोशी यांच्या चमूनं मोबाइलसाठी 'स्वरचक्र' हा कळफलक केला. अक्षरावर बोट ठेवलं की त्याची बाराखडी भोवती गोल मांडून येते. त्याबद्दल बोलताना सरांचा गळा दाटतो. "बाराखडी आपल्या माणसाला पाठ आहे हो, तिच्यावरच उभारलं त्यांनी! इंग्रजी कळफलक नाही शिकवत बसले." हे ते इतकं खरं बोलतात की ऐकणाऱ्यालाही वाटतं, आता सर स्वतः असंच काही तरी करतील.

सरांनी लोणार केलं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते उल्केनं पाडलेलं विवर, आतलं खारं पाणी, काठावरचं कमळजादेवीचं देऊळ, सगळं त्या टोपीत घातलं. आता हे वापरून बघायला माणसं हवीत. सरांनी जिल्ह्याची शास्त्रशुद्ध वाटणी केली: निम्मे घाटावरचे, निम्मे घाटाखालचे. चिखली-मेहकर झालं, खामगाव-नांदुरा झालं. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, दहाव्याच्या पंगतीत सर खोकं उघडत. टोपी चढवता चढवता इतिहास सांगत. "१९६८ साली आयव्हन सदरलँडनं पहिली केली, तेव्हा ती इतकी जड होती की छतालाच टांगावी लागली." यावर घाटावर आणि घाटाखाली एकच प्रश्न येई: "पडली नाही का कोनाच्या डोक्यावर?"

टोपी घातली की काहींना मळमळे. डोळे सांगतात आपण चाललोय, कानाच्या आतला तोल सांगतो आपण बसलोय, आणि या दोघांच्या भांडणात पोट बिघडतं. त्याचीही १६ लक्षणांची एक प्रश्नावली १९९३ पासून प्रचलित आहे. तुलनेसाठी सरांनी ती मलकापूर-बुलढाणा एसटीत, राजूर घाटाच्या वळणांवर भरून घेतली. एका बाईंनी घट्ट धरलेलं लिंबू हुंगत हुंगत सहाव्या लक्षणापर्यंत उत्तरं दिली. पुढची दहा लक्षणं सरांना विचारावी लागली नाहीत.

खरा घोळ झाला तो दुसऱ्या प्रश्नावलीत. जॉन ब्रुक यांची ती १९८६ सालची, जगभर चालणारी. दहा विधानं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. मेख अशी की एक विधान स्तुतीचं आणि त्याच्या पुढचं तक्रारीचं, म्हणजे डोळे मिटून मान डोलावणारा सापडावा. बुलढाणा जिल्ह्यात मान कुणी डोळे मिटून डोलावत नाही. सरांकडे बघून डोलावतात.

"ही वस्तू मला पुन्हा पुन्हा वापरावीशी वाटेल?"

"पाच."

"ही वस्तू विनाकारण गुंतागुंतीची आहे?"

"पाच."

"अहो काका, पाच म्हणजे फार गुंतागुंतीची!"

"हावच ना! सोपं काम तुम्ही कायले करान? एवढे शिकले तुम्ही."

त्या प्रश्नावलीच्या हिशोबात सगळीकडे पाच दिले की बेरीज बरोबर ५० येते, शंभरपैकी. घाटावर ५०, घाटाखाली ५०. सरांना यात विलक्षण सातत्य दिसलं.

नांदुऱ्याकडच्या एका खेड्यातल्या आजींचा फॉर्म तेवढा कोरा राहिला. आजींनी लोणार कधी पाहिलं नव्हतं. टोपी लावल्यावर त्या आधी खूप वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग देऊळ जवळ आलं, तशा अंगणात उभ्या उभ्या त्यांनी पायातल्या चपला काढल्या, पायानंच बाजूला सारल्या, डोक्यावरचा पदर सावरला आणि रिकाम्या हवेला हात जोडले. बार्सिलोनाचे मेल स्लेटर गेली कित्येक वर्षं सांगतायत की आभासी जग खरं वाटलं की नाही, हे माणसाला विचारू नका, तो तिथं खऱ्यासारखा वागतो का ते बघा. सरांनी स्लेटरचे निबंध पाठ केलेले आहेत. पण त्या वेळी सर फॉर्म शोधत होते.

"आजी, देऊळ किती खरं वाटलं? एक ते पाच सांगा."

"देवळाले गुन देतेत का कोनी, बाप्पा?" आजी म्हणाल्या आणि चपला घालून गोठ्याकडे गेल्या.

सरांनी वहीत लिहिलं: 'माहिती अपूर्ण. वगळावे.' ही वही मी पाहिली आहे. त्या पानावर चपलांचा उल्लेख नाही.

या सगळ्यावर सरांनी लिहून पाठवलेला निबंध परत आला. परीक्षकानं एवढंच विचारलं होतं की सगळ्यांचे ५० कसे, आणि सोबत २०१२ सालच्या एका अभ्यासाकडे बोट दाखवलं होतं. बंगळूरमध्ये निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी ४५० लोकांना दोन वस्तू दाखवल्या. त्यातली एक विचारणाऱ्यानंच बनवली आहे असं कळलं, की लोक तिला अडीच पट अधिक पसंती देत. दोन्ही वस्तू हुबेहूब एकसारख्या असल्या तरी. विचारणारा परदेशी आणि सोबत दुभाषी असला, की पाच पट. सर दोन दिवस गप्प होते. मग वहिनींनी सुचवलं, "तुमचं आहे म्हणून सांगताच कशाला? अकोल्याच्या मुलांनी केलंय म्हणा."

जालीम इलाज होता. सरांनी खोक्यावरचं आपलं नाव खरवडून काढलं आणि खामगावातल्या एका निवृत्त कंडक्टरांना टोपी दिली. "अकोल्याच्या पोरांचं काम आहे, मोकळेपणी सांगा."

कंडक्टरांनी टोपी नीट लावायच्या आतच सुरुवात केली. "अकोल्याचं का? मंग सांगतो. एक तं पानी गुलाबी काहून?"

"२०२० च्या जूनमध्ये खरंच गुलाबी झालं होतं," सर म्हणाले. "पाण्यातला खारेपणा वाढला, त्यात सूक्ष्मजीव वाढले. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलंय."

"असन. पन अकोल्याच्या पोट्ट्याइले काय समजते त्यातलं? अन् वास कुठं हाये? लोनारच्या पान्याले वास येते. मोर नाई. वानेरं नाई. पायऱ्या उतरल्या तं गुडघे दुखत नाई, हे कायचं लोनार? लिहा, एक."

"एक?" सरांचा पेन थांबला. "पुन्हा पुन्हा वापरावीशी वाटेल, याला एक?"

"दुसऱ्याले पाच लिहा. लय गुंतागुंतीचं हाये."

"पण काका, देवळाचे खांब बघितले का? एकेका खांबाला आठ-आठ रात्री गेल्यात हो! सावली बघा, सूर्य फिरतो तशी फिरते. असं काम पुण्या-मुंबईत दिसणार नाही. निदान दोन तरी द्या. तीन."

कंडक्टरांनी टोपी उतरवली, सरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि समजुतीच्या सुरात विचारलं, "तुमाले काहून एवढं लागू रायलं, सर? तुम्ही अकोल्याचे हाये का?"