अठ्ठाविसाव्या पक्ष्याबद्दल

माननीय चमूप्रमुख,


पक्षी सप्ताहातल्या रविवारी आपण पाषाण तलावाकाठी काढलेल्या फेरीबद्दल आधी हार्दिक अभिनंदन. 5 नोव्हेंबरला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 ला डॉ. सालिम अलींचा. मधल्या दिवसांत लोकांनी पक्षी पाहावेत म्हणून शासनाने 2020 पासून हा सप्ताह ठरवून दिला. आपण त्याही पुढे गेलात. पक्ष्यांना माणसं पाहता यावीत म्हणून बावीस जणांना लिंबासारखे पिवळेधमक टी-शर्ट घालून काठावर उभं केलंत. पाण्यावरचे वारकरी लगोलग आत सरकले. (कपाळ-चोच पांढरी असलेले ते काळे पक्षी. पंढरीचे वारकरी असते तर चहाला तरी थांबले असते.)

नंतर ती ढोकरी. जलपर्णीच्या कडेला चिखलाच्याच रंगाची, मान खांद्यात घालून बसलेली. मी दाखवली, तेव्हा आपण म्हणालात, “अहो, ती कॉमन आहे. चला, नर्तक गाठायचाय.” चमू गेला, मी मागे राहिलो. ढोकरीने एक पाय उचलला आणि टेकवायलाच विसरल्यासारखी उभी राहिली. मग मान सुटली. कधी सुटली ते दिसलंच नाही, चोचीत बेडकाचं पिल्लू तेवढं दिसलं. उडाली तेव्हा त्या मळकट अंगातून पांढरेशुभ्र पंख निघाले. माझी दुर्बीण साधी आठ बाय चाळीसची, तरी पुरली.

तोवर आपण बांबूच्या बेटाशी मोबाइलला स्पीकर जोडून स्वर्गीय नर्तकाचा आवाज लावला होता. नर असला तर शेपटीच्या दोन लांब फिती फोटोत मावतील ना, एवढीच सर्वांना काळजी. असा आवाज ऐकून पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत कुणी परका शिरलाय. मग तो किडे टिपायचं सोडून भांडायला येतो. घरच्याला असं घराबाहेर काढायची ही रीत आपल्या सोसायटीत कुणी वापरली, तर आपण तक्रार कराल. असो. पलीकडून उत्तर आलं. आपण पुन्हा लावलात, पुन्हा उत्तर आलं. बावीस तोंडांवर बोटं गेली आणि आपण वहीत नोंद केलीत: 28, स्वर्गीय नर्तक, आवाज ऐकला.

मी मागे राहिल्यामुळे चमूला गाठायला बेटाला वळसा घालून येत होतो. पलीकडे दुसरा एक ग्रुप उभा होता. सहा-सात जण होते, टी-शर्ट खाकी. तेवढी त्यांची अक्कल जास्त. त्यांच्याही हातात स्पीकर होता. आपला आवाज आला की त्यांचे प्रमुख डोळे मिटून मान डोलवायचे आणि लगेच स्वतःचा लावायचे. त्यांच्या वहीतही नोंद झाली. मी तेव्हा बोललो नाही, कारण दोन्हीकडे आनंद होता आणि आपल्याकडे पोहे वाटायला सुरुवात झाली होती.

आता ती यादी आपण सगळीकडे पाठवणार आहात, म्हणून हे पत्र. कृपया 28 वा पक्षी खोडा. आकडा कमी होईल म्हणून जिवावर येत असेल, तर त्या जागी वंचक लिहा. ढोकरीचं पुस्तकातलं नाव तेच आहे, आणि ती मी पाहिली आहे.

आपला,
मागे राहिलेला सभासद