उलाळ, धुरजड आणि भिवंडी

ठाण्याचं बाळकुम मागे टाकून कशेळीच्या पुलावर चढलं की खाडी लागते आणि पूल उतरला की गोदामं. प्रवासवर्णनाच्या रिवाजाप्रमाणे इथे एखादा डोंगर, एखादं हेमाडपंती देऊळ, गेलाबाजार एखादा नागमोडी रस्ता तरी यायला हवा. रस्ता नागमोडी आहेच; पण ती वळणं इंजिनीअरने काढलेली नसून पुढच्या ट्रकने खड्डा चुकवताना काढलेली असतात. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा ही नावं कोणत्याही सहलीच्या जाहिरातीत सापडणार नाहीत. तरीही आपल्या घरातला साबण, मिक्सर आणि पायपुसणं आपल्या आधी इथे मुक्काम करून गेलेलं असण्याची शक्यता दाट आहे. या भागात प्रेक्षणीय म्हणावी अशी वस्तू एकच, ती म्हणजे पुढच्या ट्रकची मागची बाजू. आणि ती डोळे भरून पाहता यावी म्हणून वाहतूक तासन्‌तास जागची हलत नाही. या दर्शनातून प्रवाशाच्या मनात उठणारा पहिला प्रश्न असा, की ह्या गाडीत आणखी किती बसेल? हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे, आणि भिवंडी ते कसारा एवढ्या वाटेत तो का चुकीचा आहे हे सिद्ध करता येतं.

आधी गोदामांचं. मुंबईत माल शिरला की जकात, म्हणून माल वेशीबाहेर ग्रामपंचायतीच्या हद्दीत ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, या साध्या व्यापारी शहाणपणातून ही वसाहत उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र गेली नाहीत. सवय लागलेला पाहुणा कारण संपलं म्हणून उठत नाही. या गोदामांच्याही आधीपासून भिवंडीत यंत्रमाग आहेत. म्हणजे एकाच गावातून दोन स्वभावांचा माल निघतो. गोदामातून निघणारी वेफर्सची खोकी घ्या. सहाचाकी ट्रकचा हौदा छतापर्यंत ठासून भरला तरी वजन दोन-तीन टनांपुढे सरकत नाही, कारण त्या डिझेलवर मुख्यतः हवा प्रवास करत असते. आता त्याच गाडीत फरशी भरा. दीड फूट उंचीचा थर होण्याच्या आतच बारा टन पुरे होतात आणि वरचा सगळा हौदा रिकामा राहतो. सुताची पोती आणि कापडाचे तागे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. माणसाचा डोळा भरलेपण मोजतो आणि गाडीचा कणा वजन मोजतो, त्यामुळे वेफर्सचा डोंगर पाहून प्रवासी ‘बापरे’ म्हणतो आणि अर्धा रिकामा दिसणारा फरशीचा ट्रक निर्धास्तपणे शेजारून जाऊ देतो. मराठीत ‘मावणं’ आणि ‘झेपणं’ ही दोन क्रियापदं वेगळी ठेवली आहेत, ती काही वैयाकरणांच्या करमणुकीसाठी नाहीत. २००५ साली आलेल्या टाटा एस या पाऊण टनाच्या आसपास वाहणाऱ्या टेम्पोला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटलं, आणि तेव्हापासून मालक त्यातला ‘छोटा’ विसरून ‘हत्ती’च लक्षात ठेवतो.

झेपण्याचा हिशेब गाडीच्या अंगावरच लिहिलेला असतो. केबिनच्या कडेला रिकामं वजन, भरलेलं वजन आणि प्रत्येक ॲक्सलचा वाटा रंगवून ठेवण्याचा नियम आहे. पण मागच्या फळीवरचा शेर लोक मन लावून वाचतात आणि हे गद्य कुणी वाचत नाही. २०१८ च्या जुलैत केंद्राने ही मर्यादा वाढवली. दोन ॲक्सलच्या सहाचाकी ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झालं आणि दहाचाकीचं २५ वरून २८.५ टन. एकूण वजन म्हणजे गाडीसकट. रिकामी गाडी साडेसहा टनांची धरली तर मालाला बारा टन उरतात. हे बारा टनही सगळे मालाचे नव्हेत. ड्रायव्हर, क्लीनर, त्यांची वळकटी, स्टोव्ह, टाकीतलं दोनशे लिटर डिझेल (तेच पावणेदोनशे किलोंच्या घरात जातं), दोरखंड, पावसात भिजून दुप्पट जड झालेली ताडपत्री आणि हौदा ‘दणकट’ करण्याच्या हौसेने मालकाने जोडून घेतलेल्या लोखंडी पट्ट्या, हे सगळे त्या बारा टनांतले बिनभाड्याचे प्रवासी. हौदा जितका दणकट तितका माल कमी, ही गोष्ट वेल्डिंगवाला सांगत नाही. त्याने सांगावी अशी अपेक्षा करणं म्हणजे हलवायाने मधुमेहावर बोलावं असं म्हणणं.

तरीही बेरीज-वजाबाकी हा हिशेबाचा सोपा भाग. गाडी वजन एकूणात उचलत नाही, ती ते वाटून घेते, आणि वाटणीत भांडण होतं. बैलगाडीवाल्यांना हे केव्हाचं ठाऊक होतं. भार मागे गेला, गाडीचं तोंड वर उठलं आणि बैलांच्या मानेवरचं जू सुटू लागलं की गाडी ‘उलाळ’ झाली. भार पुढे आला आणि जू मानेत रुतलं की ‘धुरजड’. ज्या भाषेत या दोन अवस्थांना दोन स्वतंत्र शब्द आहेत, त्या भाषेच्या माणसांनी ट्रक आल्यावर फक्त ‘ओव्हरलोड’ एवढ्यावर समाधान मानावं हे नवल आहे. आपल्या सहाचाकीला पुढच्या ॲक्सलवर ७ टन आणि मागच्यावर ११.५ टन चालतात. रिकामी असताना पुढे ३.२ आणि मागे ३.३ टन आहेत, दोन्ही ॲक्सलमधलं अंतर पाच मीटर आहे असं धरा. बारा टन मालाचा मध्य पुढच्या ॲक्सलपासून चार मीटरवर पडला, तर मालाचा चार-पंचमांश, म्हणजे ९.६ टन, मागे जातो. मागचा ॲक्सल १२.९ टनांवर पोचतो आणि एकूण वजन मात्र कायद्याच्या काट्यावर बरोबर साडेअठरा. पावती निर्दोष, ॲक्सल दोषी. तोच माल साधारण ५८ सेंटिमीटर पुढे सरकवा: मागे साडेअकरा, पुढे सात, दोघेही खूश. एका हाताएवढ्या अंतरावर सगळा न्याय लटकलेला असतो, आणि ते अंतर ठरवणारे असतात ‘कसं का होईना, बारापर्यंत गाडी भरून काढा’ म्हणणारे मुकादम.

यातून पुढे निघणारी गंमत तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालण्याजोगी आहे. ही नीट भरलेली गाडी मानकोली, रांजनोली, वडपे करत नाशिकच्या रस्त्याला लागली आणि पडघ्याला फाळका उघडून मागचा चार टन माल उतरवला. गाडी हलकी झाली. एकूण वजन साडेचौदा टन, मर्यादेपेक्षा तब्बल चार टन कमी. पण उरलेला आठ टन माल आता सगळा पुढच्या बाजूला आहे. त्याचा मध्य दोन्ही ॲक्सलच्या बरोबर मधोमध आला, तर निम्मा भार पुढे जातो आणि पुढचा ॲक्सल ७.२ टनांवर. म्हणजे माल उतरवला आणि गाडी ओव्हरलोड झाली! स्टिअरिंग जड, पुढचे टायर तापलेले आणि ड्रायव्हरच्या मनात मात्र ‘आता काय, रिकामीच आहे’ ही भावना. यावर उपाय सोपा आहे, राहिलेली पोती थोडी मागे ओढायची. पण त्याची मजुरी कोणी द्यायची हे कुठल्याही बिल्टीवर लिहिलेलं नसतं.

‘हे सगळं कागदी, आमचा ड्रायव्हर कमानपाटे बघून टन सांगतो’ हा पहिला आक्षेप. वीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसाचा अंदाज थट्टेवारी नेण्यासारखा नाही, पण पाटे जुने झाले की रिकामे असतानाही वाकतात, आणि जादा पाटे घातले की भरल्यावरही ताठ राहतात. शिवाय अंदाजावर कागद लिहिण्याची खोड फक्त आपलीच नाही. २००७ च्या जानेवारीत ‘एमएससी नापोली’ हे मालवाहू जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ मोडकळीला आलं. नंतर त्याच्या डेकवरचे कोरडे राहिलेले ६६० कंटेनर प्रत्यक्ष तोलले, तेव्हा १३७ कंटेनरांचं वजन कागदापेक्षा तीन टनांहून अधिक वेगळं निघालं. एकात तर फरक वीस टनांचा होता. जगभरच्या बोटींसाठी १ जुलै २०१६ पासून कंटेनर चढवण्याआधी तोललेलं वजन सांगणं सक्तीचं झालं. तेव्हा न्हावाशेवाहून भिवंडीला येणाऱ्या कंटेनरच्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवणं आणि कमानपाट्यांवर विश्वास ठेवणं, यांत भक्तीचा प्रकार वेगळा, एवढंच. काट्यावर जावं. आणि काट्यावर आधी नुसती पुढची चाकं चढवून आकडा घ्यावा, मग सबंध गाडीचा. वजाबाकी चौथीतल्या पोरालाही जमते. तिथेही एक जुनी करामत आहे. रिकाम्या गाडीचा काटा करताना ड्रायव्हर आणि क्लीनर आत बसतात, भरलेल्या गाडीच्या वेळी चहाला उतरतात. दीडशे किलो माल कागदावरून उडून जातो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: गाडी बनवणाऱ्याने ताकदीत सढळ हात ठेवलेला असतोच, सरकारनेही २०१८ मध्ये एका रात्रीत दोन टन वाढवून दिले, लोखंड तर तेच राहिलं. खरं आहे. सढळ हात असतोच. पण तो मालासाठी नसून खड्ड्यासाठी असतो. गाडी उभी असताना साडेअकरा टन सोसणारा ॲक्सल खड्ड्यात आपटला की त्या क्षणी कितीतरी अधिक भाराने बडवला जातो, आणि भिवंडीत हा क्षण अपवादाने येत नाही. इथला रस्ता तो सढळ हात रोज, नियमाने, पावतीशिवाय वसूल करतो. हे खड्डे आकाशातूनही पडलेले नाहीत. पाऊस आणि ठेकेदार हे मानकरी आहेतच, पण अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं सैनिकांनी भरलेले ट्रक मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर गोल गोल फिरवले, आणि निष्कर्ष निघाला की रस्त्याचं नुकसान ॲक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. साडेअकराऐवजी चौदा टन घातले, म्हणजे वजन फक्त बावीस टक्के वाढलं, तरी नुकसान दुपटीवर जातं. दोन वर्षं गोल फिरून सैनिकांना जे कळलं ते अंजूरफाट्याला सरळ जाऊन अर्ध्या तासात कळतं. ओव्हरलोड गाडी खड्डा पाडते, आणि खड्डा गाडीची ओव्हरलोड सोसायची ताकद खातो. असा हा संसार.

तिसरा आक्षेप पोटाचा, आणि त्याच्यावर हसता येत नाही. भाडं टनावर, हप्ता महिन्यावर, डिझेल खेपेवर. दोन टन जादा टाकले नाहीत तर उरतं काय? एका गाडीपुरतं हे गणित बरोबर आहे. पण सगळ्यांनीच दोन-दोन टन जादा टाकले की तोच माल कमी गाड्यांत जातो, उरलेल्या गाड्या माल शोधत उभ्या राहतात आणि टनाचा भाव पडतो. मग पडलेला भाव भरून काढायला तिसरा टन. नफा शेवटी ज्याचा माल आहे त्याच्या खिशात, जोखीम ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याच्या डोक्यावर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं १९४ वं कलम वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड सांगतं, शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी हलवायची नाही. आणि काटा करायला नकार दिला तर चाळीस हजार. म्हणजे वजन कळू न देणं हे वजन जादा असण्यापेक्षा महाग! हमालांना १९६९ साली माथाडी कायदा मिळाला, तो त्यांनी आवाज उठवला म्हणून. हमालाची पाठ ही या सबंध साखळीतली बोलता येणारी एकमेव धुरा. मागचा ॲक्सल बोलत नाही; तो ‘मोडेन पण वाकणार नाही’ या बाण्याचा मराठी माणूस आहे, आणि एक दिवस खरंच मोडतो.

तो दिवस बहुधा उताराचा असतो. नाशिकहून परतताना इगतपुरीनंतर कसारा घाट लागतो. वर जाताना जादा वजन इंजिनाला कळतं, गाडी कण्हते, ड्रायव्हरला पश्चात्तापाला वेळ मिळतो. उतरताना गाडी कण्हत नाही, उलट उत्साहाने पळते, आणि तिचा तो उत्साह गिअर आणि ब्रेक यांना गिळावा लागतो. घाटाची उंची ढोबळमानाने तीनशे मीटर धरली, तर साडेअठरा टनांची गाडी खाली आणताना जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात सुमारे १८५ लिटर पाणी उकळेल. पाच टन जादा घातले की आणखी पन्नास लिटर. ही सगळी शेगडी इंजिन आणि चाकांतले ब्रेक मिळून पेटवतात, आणि वरच्या गिअरवर उतरणाऱ्या गाडीत बहुतेक सगळी एकट्या ब्रेकच्या वाट्याला येते. चाकांतून करपल्याचा वास येत गाडी कसाऱ्याला पोचते. ड्रायव्हर टपरीपाशी उतरतो, मागच्या टायरवर दोन डबडी पाणी ओततो, वाफ वर जाताना बघतो आणि एक कटिंग सांगतो.