वानोळा : नग दोन

गेल्या चैत्रात धुळ्याहून आलेले व्याही आणि विहीणबाई यांना जळगावातील एका मंदप्रकाशी उपाहारगृहात भोजनास नेण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. आणि भोजनोत्तर, चामडी बासनातले देयक रुजू होण्यापूर्वी, काळ्या पाषाणाच्या एका फरशीवर हरभऱ्याएवढे चॉकलेटचे दोन नग आमच्यापुढे अशा गांभीर्याने मांडण्यात आले, की तो पंचनाम्यातला मुद्देमालच वाटावा. खाणारे आम्ही तिघे. 'काँप्लिमेंटरी आहे, सर,' असे वाढप्याने अदबीने सांगितल्यावर तिसऱ्या नगाची विचारणा करण्याचे धैर्य कोणासही झाले नाही. 'तुम्ही घ्या', 'छे, तुम्ही घ्या' या देवघेवीत एक नग जागीच विरघळला. (चैत्रातल्या जळगावापुढे वातानुकूलन यंत्रही हात टेकते.)

या प्रकारास फ्रेंच लोक 'पेती फूर', म्हणजे धाकटी भट्टी, म्हणतात. भट्टीचा मुख्य जाळ ओसरल्यावर उरल्यासुरल्या उबेत ही चिमुकली पक्वान्ने भाजीत, म्हणून ते नाव. उरलेल्या उबेचे दान ही कल्पना आमच्या व्यापारी पेठेस तत्काळ मानवली, यात नवल नाही. पूर्वी हे काम बडीशेप आणि खडीसाखर बिनतक्रार करीत. त्या वाटीत हात घालून कागदी रुमालात पुडी बांधण्याचा गिऱ्हाइकाचा वहिवाटीचा हक्क मात्र या फरशीने खालसा केला.

वास्तविक निरोपाच्या भेटीसाठी खानदेशात 'वानोळा' हा शब्द पिढ्यानपिढ्या रूढ आहे. हिवाळ्यात बामणोदकडची भरताची वांगी, मेहरूणची बोरे, केळ्यांची फणी, दादर ज्वारी आणि, मोडू नयेत म्हणून, लुगड्याच्या चिंधीत बांधलेल्या बिबड्या एवढा ऐवज पिशवीत कोंबूनही 'तुला काही दिलंच नाही' म्हणून हळहळणारी आणि पिशवीचा बंद तुटेल या सबबीला न जुमानता एस.टी.च्या खिडकीतून आणखी दोन वांगी आत सरकवणारी मावशी ज्याने पाहिली, त्याला फरशीवरचे ते आतिथ्य काय सांगावे? जळगावच्या केळ्याला आणि भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनाची सनदही मिळाली आहे. सनदी वांगी दाराशी असता परक्या मुलखाचा कोको पाहुण्याच्या हाती ठेवणे, हा अन्याय आहे.

तेव्हा उपाहारगृहाच्या मालकांस विनंती एवढीच, की येत्या हिवाळ्यापासून ती फरशी मुदपाकखान्यात जमा करावी, आणि देयकासोबत माणशी एक वांगे द्यावे. भाजण्याचे आम्ही घरी पाहून घेऊ.